तुळशीदास राऊतांची झिलई

भुईगावात स्वतःची वाडी असून वाडीच्या मातीला कधी बुटाशिवाय पाय न लावलेला माणूस एकच झाला, तो म्हणजे तुळशीदास राऊत. वडलांनी मागे ठेवलेली राजेळी केळी, पानवेली आणि सोनचाफ्याची झाडं धाकटा भाऊ एकनाथ आणि बायको मालन ही दोघं बघत. तुळशीदास चर्चगेटच्या एका विमा कचेरीत कारकून होते, आणि वाडीचा विषय निघाला की म्हणत, "आमच्याकडे ते शेतीबितीचं लोक बघतात." त्या लोकांपैकी एक तेव्हा हातात चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर उभी असे.

तुळशीदासांना वेड होतं मोटारींचं. भुईगावच्या रस्त्याला त्या काळी एसटी, टांगा आणि फादरची फटफटी यांपलीकडे फारसं काही माहीत नव्हतं. तुळशीदास स्वतः मोटारीत बसले होते ते एकदा कुणाच्या तरी वरातीत, तेही दोन जाडजूड मामांच्या मधे. पण कचेरीबाहेर साहेबलोकांच्या गाड्या उभ्या असत. डबा लवकर आटपून ते त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालत. इंजिन, गिअर, ब्रेक यांच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ते फक्त रंग बघत. बॉनेटवर वाकायचं, आपला चेहरा किती स्वच्छ दिसतो ते पाहायचं, आणि त्यावरून गाडीची लायकी ठरवायची. चेहरा तर त्यांना आवडतच होता, त्यामुळे बहुतेक गाड्याही आवडत.

शेजारी कॉन्रॅड लोपीस राहायचा. तो कुवेतला एका हॉटेलात आचारी होता. सत्त्याहत्तर साली तो सुट्टीवर आला तेव्हा तुळशीदासांसाठी एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला.

"तुळशीभाऊ, तुम्हाला मोटारींची आवड म्हणून आणली," तो म्हणाला. "पण जोडायची तुम्हालाच. रंगही तुम्हीच द्यायचा."

खोक्यावर लाल रंगाच्या मोटारीचं झळझळीत चित्र होतं. आत मात्र प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीला लटकलेले पांढरेफटक तुकडे निघाले: वीतभर लांबीचा सांगाडा, चाकं, आसनं, टाचणीएवढं स्टिअरिंग. मालनने वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही मुलांची का?"

"ही हुबेहूब प्रतिकृती आहे," तुळशीदास म्हणाले. "चोवीसपट लहान."

"म्हणजे मुलांचीच," मालन म्हणाली आणि केळीचे घड मोजायला गेली.

जोडकाम तुळशीदासांनी एका रविवारी पार पाडलं. रंगासाठी माणिकपूरच्या एका गॅरेजमधून खऱ्या मोटारीचा लाल रंग आणि बाटलीभर थिनर आणलं. रंग दाट वाटला म्हणून त्यात सढळ हाताने थिनर ओतलं आणि ब्रशाचे फटकारे मारून ते लांब उभे राहून बघू लागले. त्यांच्या डोळ्यांदेखत गाडीचं छप्पर तव्यावरच्या पापडासारखं आक्रसलं, मग मधोमध खाली बसलं. थिनर प्लास्टिक खातं हे खोक्यावर लिहिलेलं होतं, पण सूचना वाचणं हे तुळशीदासांच्या मते ज्यांना काही येत नाही त्यांचं काम होतं. ती गाडी त्यांनी तशीच कपाटावर ठेवली आणि बघायला येणाऱ्यांना सांगू लागले, की ही अपघात झालेली गाडी आहे, मुद्दाम तशी केली आहे, हे सगळ्यात अवघड.

पुढे मात्र ते शिकले. इतकी कबुली त्यांना द्यायलाच हवी. कॉन्रॅड दर सुट्टीत नवा खोका आणि रंगाच्या इवल्या डब्या आणू लागला, आणि तुळशीदास तासन्‌तास खाली मान घालून बसू लागले. सुटे भाग साबणाच्या पाण्यात धुवायचे, पाण्याच्या पॉलिश पेपरने सांधे घासायचे, अस्तराचा हात द्यायचा, पुन्हा घासायचं, मग डास मारायच्या पंपाने धुक्यासारखा पातळ रंग उडवायचा. काचांच्या कडांना सिगारेटच्या पाकिटातली चांदी कातरून चिकटवायची. शेवटी टूथपेस्टने घासून चकाकी आणायची. राऊतांच्या घरात त्या वर्षांत सगळ्यांनी दात राखुंडीने घासले, कारण टूथपेस्ट मोटारींना लागे.

ओल्या रंगाला धूळ चालत नाही. त्यामुळे ज्या दिवशी रंग दिला जाई त्या दिवशी घरात झाडू बंद. पंखा बंद. तळण बंद, कारण तेलाची वाफ उडून रंगावर बसते. ओटीवर चाफ्याची फुलं निवडायची नाहीत, कारण पराग उडतो. आणि रंग दिलेली गाडी झाकून ठेवायला घरातला सगळ्यात मोठा टोप, ज्यात एरवी पाहुण्यांचा भात शिजे, तो पालथा घातला जाई. त्यामुळे पाहुणेही बंद. समुद्राच्या दमट हवेने एखाद्या गाडीवर पांढुरकी साय धरली की तुळशीदास घरभर फिरून गुन्हेगार शोधत. बहुतेकदा तो दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांत किंवा मालनच्या ओल्या केसांत सापडे.

"समुद्राला सांगा ना जरा पलीकडे सरकायला," मालन एकदा म्हणाली.

तुळशीदासांनी त्यावर खरोखरच विचार केला आणि मग ओटीच्या पश्चिमेच्या बाजूला ताडपत्री ठोकली.

एकनाथ कधीमधी वाडीतून येऊन दारात उभा राही. चिखलाच्या पायांना आत यायची परवानगी नसे. कपाटावर ओळीने लावलेल्या मोटारींकडे बघून तो म्हणे, "दादा, यातली एखादी तरी चालते काय?"

"चालवायला नाहीत या."

"दारा तरी उघडतात?"

"एकनाथ, प्रतिकृतीला दारं नसतात. दारांच्या रेघा असतात."

एकनाथ मान डोलवी आणि पाण्याची पाळी बघायला जाई.

हळूहळू तुळशीदासांचं नाव झालं. माणिकपूरला एका शाळेच्या सभागृहात हस्तकलेचं प्रदर्शन भरलं, तिथे त्यांच्या गाड्या काचेखाली मांडल्या होत्या. प्रमुख पाहुण्यांनी काच उचलून एका निळ्या गाडीला बोट लावलं, तेव्हा तुळशीदासांनी सभेसमोर त्यांच्या हातात रुमाल दिला आणि बोट पुसायला सांगितलं. पाहुणे नगरपालिकेतले होते, पण ओशाळले. त्या दिवसापासून गावात पक्कं झालं, की मोटारीतलं कळावं तर तुळशीदासांना. कुणाचा भाचा ड्रायव्हर व्हायला निघाला, कुणाला टेंपो घ्यायचा असला, की लोक ओटीवर येऊन विचारू लागले. तुळशीदास डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "फिनिशिंग बघा. बाकी सगळं फिनिशिंगच्या मागोमाग येतं." लोक हे वाक्य घरी नेऊन दुसऱ्यांना ऐकवत. स्वतः तुळशीदासांना गाडी चालवता येत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नसे, आणि त्यांच्या तर मुळीच नाही.

एक्याऐंशी साली कॉन्रॅड लांबच्या सुट्टीवर आला. धाकटी बहीण सेलिन हिचं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं. मुलगा माणिकपूरचा, मार्सेल. घरची बेकरी होती. सेलिन वसईच्या एका दवाखान्यात नर्स होती, उंच, कमी बोलणारी, आणि बोलली की ऐकावं लागे अशी. कॉन्रॅडच्या मनात आलं की बहिणीने टांग्यातून चर्चला जाऊ नये. आपल्या दारची मोटार असावी.

"तुळशीभाऊ, बोरिवलीला एक जुनी गाडी आहे म्हणतात. तुम्ही बघून द्या," तो म्हणाला. "चालवायचं मला येतं, पण पारखायचं तुम्हाला."

तुळशीदासांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेले. चार दारांची काळी मोटार होती, वयाने तुळशीदासांच्या बरोबरीची वाटावी अशी. विकणाऱ्याने तिला आदल्याच दिवशी मेण लावून चोळलं होतं. तुळशीदास बॉनेटवर वाकले. चेहरा स्वच्छ दिसला. कॉन्रॅड खाली वाकून सायलेन्सर बघू लागला तेव्हा त्यांनी त्याला हाताला धरून उठवलं. "खाली काय बघतोस? इकडे ये. असा रंग आता कुणी देत नाही."

कॉन्रॅडने गाडी घेतली. घोडबंदरच्या रस्त्याने येताना ती दोनदा बंद पडली आणि भुईगावात शिरताना मागच्या दाराच्या खालून गंजाचा एक मोठा पापुद्रा लिडियाच्या फुलझाडांत गळून पडला. लिडिया, म्हणजे कॉन्रॅडची बायको, तो पापुद्रा उचलून घेऊन आली. मग तिने तुळशीदासांना विचारलं, "भाऊ, हे काय?"

"वरवरचं आहे, लिडियाबाय," तुळशीदास म्हणाले. "मी भरून देतो. नाहीतरी लग्नाला काळी गाडी शोभत नाही. लाल करू."

अशी ती मोटार लोपीसांच्या अंगणात मांडवाखाली उभी राहिली आणि ईस्टरआधीचा सगळा उपासाचा काळ गल्लीने भोगला. तुळशीदासांनी कचेरीतून रजा काढली. चोवीसपट लहान गाडीवर जे केलं ते सगळं त्यांनी चोवीसपट मोठ्या गाडीवर केलं. फक्त घरातल्यांऐवजी आता गल्लीतल्यांवर हुकूम सुटू लागले. अंगणं झाडायची नाहीत. पालापाचोळा जाळायचा नाही. गुरं मागच्या वाटेने न्यायची. मिरच्या कुटायच्या तर पलीकडच्या पाड्यात जाऊन कुटायच्या. लोकांनी ऐकलं, कारण लग्न सेलिनचं होतं आणि मोटार गावातली पहिलीच होती. एकनाथचा पानवेलींवर औषध मारायचा पंप तुळशीदासांनी रंग उडवायला नेला. तो परत आला तेव्हा त्यातून लालच निघत राहिलं, आणि एकनाथला उसना पंप मागत वणवण करावी लागली.

गंजून पडलेल्या भोकांत तुळशीदासांनी वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, त्यावर पुट्टी थापली, ती घासली, वर पुन्हा थापली. मागच्या डाव्या दाराचा खालचा वीतभर भाग तर सगळा पुट्टीचाच झाला. पण घासूनपुसून त्यावर अस्तर चढलं तेव्हा लोखंड कुठे संपतं आणि पुट्टी कुठे सुरू होते ते खुद्द कॉन्रॅडलाही बोट लावून सांगता आलं नसतं. बोट लावायची परवानगीही नव्हती. लाल रंगाचे हातावर हात चढले. संत्र्याच्या सालीसारखे बारीक खडबडे उठले होते ते त्यांनी ओल्या पेपरने घासून सपाट केले. ईस्टर झाला आणि मोटार झाली. खरं बोलायचं तर ती अप्रतिम झाली. अंगणातली जास्वंद, मांडवाचे वासे, वरचं आभाळ, सगळं तिच्या अंगावर जसंच्या तसं उतरत होतं. बायका लांबून येऊन तिच्यात बघून टिकली नीट करून जात, आणि तुळशीदास लांबून ओरडत, की श्वास सोडू नका.

कॉन्रॅड म्हणाला, "बस्स झालं, तुळशीभाऊ. आता हात लावू नका. वाळू दे."

तुळशीदासांनी होकाराची मान डोलावली. पण लग्नाच्या आदल्या दिवशी उन्हाच्या तिरिपीत त्यांना मागच्या दारावर एक मंद डाग दिसला. इतर कुणाला तो दिसला नव्हता. कॉन्रॅड मंडपाच्या कामात गुंतला आहे असं पाहून ते डबा घेऊन आले आणि डागावर पारदर्शक व्हर्निशचा हात दिला. मग त्या दाराची चकाकी बाकीच्यांपेक्षा उठून दिसू लागली. म्हणून बाकीच्या दारांना. मग छपराला. दारं त्यांनी नीट बंद करून घेतली होती आणि फटींवरूनही ब्रश सफाईने फिरवला होता, एकसंध. त्यांच्या आयुष्यातल्या कुठल्याच गाडीचं दार आजवर उघडलेलं नव्हतं.

सकाळी कॉन्रॅडने दार ओढलं ते जखमेवरची पट्टी उपटावी तसा आवाज करत सुटलं.

"हे चिकटलंय का?"

"नव्या रंगाचा गुण असतो," तुळशीदास म्हणाले. "बसता बसता बसतो."

कॉन्रॅडला वाद घालायला वेळ नव्हता. बँडवाले आले होते. सेलिन पांढरा शुभ्र झगा सावरत बाहेर आली, तिच्यामागे लिडिया. मागचं डावं दार दोघा पाहुण्यांनी खेचून उघडलं, नवरी आणि वहिनी आत बसल्या, कॉन्रॅड पुढे बसला. तुळशीदासांना पुढच्या सीटवर बसायचा आग्रह झाला, पण ते म्हणाले की मी बरोबर चालतो. हातात त्यांनी मऊ फडकं घेतलं होतं. वाटेत कुणी हात लावला तर लगेच पुसता आलं पाहिजे.

"आणि काचा वर करून घ्या," त्यांनी बजावलं. "धूळ आत यायची आणि दारांच्या कडांवर बसायची."

मे महिन्याचं ऊन. पुढे बँड, मध्ये नातेवाईक, आणि त्यांच्या पावलाच्या वेगाने ती लालबुंद मोटार. तुळशीदास तिच्या कुशीला फडकं घेऊन चालत होते, हत्तीबरोबर माहूत चालावा तसे. वाटेवर लोक घरातून बाहेर येऊन उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, "गाडी बघ गाडी." नवरी कुणी बघितली नाही. तुळशीदासांना तो दिवस आपल्याच लग्नाचा वाटत होता, उलट स्वतःच्या लग्नात त्यांना एवढं काही वाटलं नव्हतं.

चर्चच्या पायऱ्यांसमोर मोटार थांबली. वर मार्सेल नव्या सुटात उभा होता, फादर दारात आले होते. बँड थांबला. दार उघडेना.

कॉन्रॅडने आतून खांद्याने रेटलं. दुसऱ्या बाजूचं रेटलं. मागे वळून बहिणीच्या बाजूची कडी ओढली. उन्हाने व्हर्निश वितळून पुन्हा बसलं होतं आणि चारही दारं रबरासकट आपापल्या चौकटींना धरून बसली होती. काच खाली करायला गेले तर ती तीन बोटं उतरून अडकली. त्या तीन बोटांच्या फटीतून लिडियाचा आवाज आला, "उघडा कुणीतरी, ती घामाने भिजली."

लोक धावले. चौघांनी कड्या धरून ओढलं. कड्यांना धरलं की हात निसटून लाल होऊन येत होते. मग चर्चच्या मागच्या वाडीतून एक जण नारळ सोलायची पहार घेऊन आला.

तुळशीदास दारासमोर हात पसरून उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले. "पहार नको. कडा जातील."

"तुळशीभाऊ, बाजूला व्हा."

"मी सांगतो ते ऐका. गाडी सावलीत लोटा. वर ओली पोती टाका, पण पोत्याखाली मऊ कापड घाला, नाहीतर वीण उमटेल. थंड झाली की व्हर्निश आपोआप सोडतं."

"केव्हा?" मार्सेलने पायऱ्यांवरून विचारलं.

"संध्याकाळपर्यंत सुटायला हरकत नाही," तुळशीदास म्हणाले.

त्यांनी हे म्हणताना एक हात मागे नेऊन दारावर टेकवला होता, अलगद, फक्त बोटांची टोकं. मान वळली तेव्हा त्यांना काचेतून सेलिनचा चेहरा दिसला. ओढणी कपाळाला चिकटली होती, पावडरीचे ओघळ गालावरून गळ्यात गेले होते, आणि ती त्यांच्याकडेच बघत होती. तुळशीदासांनी हात काढला नाही.

सेलिनने आसनावर मागे रेलून झगा गुडघ्यांवर घेतला, दोन्ही पाय उचलले आणि दाराला लाथ घातली. पहिल्या लाथेला पुट्टीचा वीतभर पट्टा तडकला. दुसऱ्या लाथेला तो रस्त्यावर पडून फुटला, आणि त्यातून वर्तमानपत्राचे बोळे बाहेर लोंबू लागले. तिसऱ्या लाथेला दार फाटल्यासारखा आवाज करून उघडलं आणि तुळशीदासांच्या गुडघ्यावर बसलं. ते तिथेच खाली बसले.

नवरी उतरली. झग्याच्या उजव्या बाजूने कमरेपासून खालपर्यंत लाल पट्टा ओढला गेला होता. तिने तो पाहिला, मग तुळशीदासांकडे पाहिलं.

"वाळला नव्हता तुळशीभाऊ," ती म्हणाली, नर्सबाई पेशंटला सांगते तशा आवाजात, आणि त्याच दारातून कसाबसा बाहेर आलेल्या भावाचा हात धरून पायऱ्या चढून गेली.

सगळे आत गेले. तुळशीदास बाहेरच राहिले. आत मिस्साची प्रार्थना चालू असताना ते रस्त्यावर गुडघे टेकून पुट्टीचे तुकडे रुमालात गोळा करत होते, मोठे वेगळे, बारीक वेगळे. लग्न लागून बँड पुन्हा वाजू लागला तरी त्यांचं ते संपलं नव्हतं. नवराबायको टांग्यात बसून गेली. जेवायला चला असं तुळशीदासांना कुणी म्हणालं नाही, आणि त्यांनीही आधी रुमालाला गाठ मारली, मग आजूबाजूला कुणी नाही असं त्यांच्या लक्षात आलं.

मालन लग्नाचं जेवण जेवून घरी आली तेव्हा ते ओटीवर गुडघ्याला हळद लावून बसले होते.

"ओरखडा किती मोठा गेलाय, बघितलास?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही तिचा चेहरा बघितलात?"

"कुणाचा?"

"सेलिनचा. आत कोंडली होती तेव्हा."

तुळशीदासांनी गुडघ्यावरची हळद बोटाने सारखी केली. "काचेवर ऊन होतं," ते म्हणाले. "काही दिसत नव्हतं."

मालन आत गेली. थोड्या वेळाने ती चाफ्याच्या पाट्या घेऊन बाहेर आली, पश्चिमेची ताडपत्री सोडून गुंडाळली, मोटारी रंगवायचं टेबल उचलून विहिरीकडच्या पडवीत नेऊन ठेवलं आणि ओटीवर फुलं निवडायला बसली. समुद्राचं वारं सरळ आत आलं. तुळशीदासांनी परागाविषयी काही म्हटलं नाही.

कॉन्रॅड आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. तो रागीट माणूस नव्हता, पण परत कुवेतला जाण्याआधी गाडी घालवायची होती, आणि एका दाराला भगदाड पडलेली गाडी कोण घेणार? त्याने माणिकपूरहून वेल्डर आणून दाराला पत्रा जोडून घेतला आणि कुंपणापाशी येऊन मालनला सांगितलं, "वहिनी, भाऊंना म्हणावं, तेवढं दार रंगवून द्या. आणि दार उघडं ठेवून रंगवा."

तुळशीदासांनी रंगवलं. दार उघडं ठेवून, वाळायला हवा तेवढा वेळ देऊन. जुना लाल आणि नवा लाल यांत केसाएवढाही फरक राहिला नाही. पाठीमागून मालनने येऊन पाहिलं आणि तिला पहिल्यांदाच असं वाटलं, की या माणसाला खरोखरच एक गोष्ट येते. ती तिने त्यांना सांगितली नाही, कारण त्यांना ती माहीतच होती.

चंदनसारहून एक माणूस गाडी बघायला आला. जमिनी घेऊन देण्याचा त्याचा धंदा होता, आणि त्याला गाडी हवी होती ती गिऱ्हाइकांना फिरवायला. त्याने मोटारीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर वाकला, खिशातून कंगवा काढून भांग नीट केला आणि म्हणाला, "घेतली."

कुंपणाच्या अलीकडून मालन म्हणाली, "अहो, एकदा खालून बघा. दारं उघडूनमिटून बघा."

"बाई, एवढ्या फिनिशिंगच्या गाडीचं काय बघायचं?"

जास्वंदीच्या आडून तुळशीदास हे ऐकत होते. संध्याकाळी त्यांनी मालनला तो माणूस किती जाणकार होता ते सविस्तर सांगितलं. कॉन्रॅड कुवेतला गेला. चंदनसारच्या गाडीचं पुढे काय झालं ते भुईगावात कुणी विचारायला गेलं नाही.

पावसाळा उलटल्यावर एका रविवारी तुळशीदासांनी मालनकडे राजेळी केळ्यांची फणी मागितली. वाडीतलं काही त्यांनी मागण्याची ही पहिलीच वेळ. कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. मालनने नीट पिकलेली निवडून पिशवीत घातली. ते पायी माणिकपूरला गेले आणि बेकरीच्या मागच्या घरात सेलिनसमोर जाऊन बसले.

सेलिनने चहा केला. तुळशीदासांनी कपाकडे बघत घसा साफ केला.

"त्या दिवशीचं जे झालं ते," ते म्हणाले.

"हां."

"त्याचं काय आहे, हवेत दमटपणा फार होता."

मग ते दमटपणावर बोलले. व्हर्निश आणि रबर यांचं एकमेकांशी का पटत नाही ते त्यांनी समजावून सांगितलं, बशीत चहाचे थेंब सांडून दाखवलं. ऊन, सावली, अस्तर, वाळण्याचा वेळ, सगळं झालं. मधे दोनदा ते थांबले, तोंड उघडलं, आणि पुन्हा पॉलिश पेपरकडे वळले. सेलिनने दोनदा चहा ओतला. शेवटी ते उठले, जाताना दाराच्या चौकटीवरून बोट फिरवून म्हणाले, "हा ऑइलपेंट कुणी दिलाय? ब्रशाचे केस राहिलेत आत," आणि उन्हाची छत्री घेऊन निघून गेले.

मार्सेल बेकरीतून हात पुसत आला. "कशाला आले होते?"

"माफी मागायला."

"मागितली?"

"नाही," सेलिन म्हणाली आणि पिशवीतून केळ्यांची फणी काढून टेबलावर ठेवली. "पण केळी चांगली आहेत."